कैरोतल्या तांतची महशी, आणि शाकाहारी माणसाने ती कशी मागवायची

मी कैरोत मआदी भागात राहते, तीन वर्षं झाली. माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग, सासर नाशिक शहरात. मी आणि सासूबाई शाकाहारी, नवरा आणि मुलगा सगळं खातात. हे आधीच सांगतेय कारण माझ्यासारखीला महशीचं, म्हणजे इथल्या भरल्या भाजीचं, बघताना दोन गोष्टी बघाव्या लागतात, एक चव आणि दुसरी म्हणजे ती कशात शिजवलीये. चवीबद्दल सगळे भरभरून बोलतात, दुसऱ्या गोष्टीबद्दल कुणी धड सांगत नाही, आणि मग इथे नवीन आलेली आपली माणसं सहा-सहा महिने कोशरी (तांदूळ, मसूर आणि मॅकरोनीचं मिश्रण), फूल (शिजवलेला बाकला) आणि तअमिया (बाकल्याचे वडे) यांवर काढतात. मला कोशरी आवडते, पण रोज किती खाणार. आणि ज्या देशात घराघरात इतकी सुंदर भरली भाजी होते तिथे येऊन ती न खाता परत जायचं म्हणजे खरंच वाईट वाटतं मला.

तर हा रिव्ह्यू आमच्या जवळ राहणाऱ्या एका बाईंच्या घरगुती महशीचा आहे. त्या घरूनच बनवून विकतात. इथे याला अक्ल बेती म्हणतात, म्हणजे घरचं जेवण, आणि कैरोत अशा खूप बायका आहेत, आपल्याकडे पोळीभाजीचे डबे देणाऱ्या काकू असतात तशाच. मोठ्या बाईला इथे तांत म्हणायची पद्धत आहे, आपण काकू किंवा मावशी म्हणतो तसं, म्हणून मी पण तांतच लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, महशी या शब्दाचा अर्थच भरलेलं. आत कच्चा तांदूळ, टोमॅटोचा रस, परतलेला कांदा आणि भरपूर हिरवा पाला, आणि बाहेर कोबीचं पान, द्राक्षाचं पान, वांगं, ढोबळी मिरची, टोमॅटो नाहीतर कोसा. कोसा म्हणजे फिकट हिरवी छोटी झुकिनी. तुर्की लोक भरलेल्याला दोल्मा आणि गुंडाळलेल्याला सार्मा म्हणतात, इथे दोन्हीला एकच शब्द. ऑटोमन लोकांनी 1517 मध्ये कैरो घेतलं आणि पुढे कितीतरी शतकं त्यांचं राज्य होतं, त्यामुळे ही सगळी एकाच खानदानातली भाजी आहे. इथले बरेच जण अभिमानाने हे फराओंच्या काळापासूनचं म्हणतात, पण टोमॅटो, ढोबळी मिरची आणि कोसा तर अमेरिकेतून आलेले, तेव्हा आजचा हा लालसर आंबटगोड प्रकार तेवढा जुना असणं शक्य नाही. माझ्या मते त्याने काही कमी होत नाही. आपली मिरची आणि बटाटा पण बाहेरूनच आले ना.

इजिप्तची महशी शेजारच्या देशांपेक्षा वेगळी कशाने, तर पाल्याने. सीरिया-लेबनॉनकडे तांदळात बहुतेक वेळा खिमा घालतात. इथे घरोघरी सारणात मांस नसतं, त्याऐवजी पार्सली, कोथिंबीर आणि शेपू असा तिहेरी पाला बारीक चिरून घालतात. बाजारात भाजीवालीकडे नुसतं महशीची खुद्रा द्या म्हटलं की ती तिन्ही जुड्या एकत्र करून हातात देते, वेगळं सांगावं लागत नाही. हो, शेपूच! नाक मुरडणाऱ्यांनी आधी खाऊन बघा. टोमॅटोच्या आंबटपणात आणि तांदळात मुरला की शेपूचा तो उग्रपणा जातो आणि नुसता सुगंध राहतो. माझा मुलगा घरी शेपूची भाजी ताटात घेत नाही पण महशी मात्र मोजून घेतो.

आता आधीचा अनुभव सांगते, म्हणजे मी या तांतवर एवढी का खूश आहे ते कळेल. आम्ही आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात एका चांगल्या, बऱ्यापैकी महाग हॉटेलात गेलो होतो, नाव लिहीत नाही. मी वेटरला तीनदा विचारलं, यात लहमा आहे का, तो तीनदा म्हणाला मा फीश, अजिबात नाही. मी निवांत चार-पाच तुकडे खाल्ले आणि नवरा म्हणाला अगं याला तर चिकन सूपचा वास येतोय. मग परत विचारलं तर तो बिचारा अगदी सरळपणे म्हणाला, हो, शोरब्यात शिजवलंय, पण लहमा नाहीये. तो खोटं बोललाच नव्हता. इथे लहमा म्हणजे मटण नाहीतर बीफ, चिकन त्यात धरत नाहीत, त्याला फिराख हा वेगळा शब्द आहे, आणि शोरबा तर कुणाच्या मनात मांस म्हणून येतच नाही, ते नुसतं चांगलं शिजवायचं पाणी! मला त्या रात्री जेवण गेलं नाही. राग त्याच्यावर नव्हता, पण एवढ्या मोठ्या हॉटेलात मेन्यू कार्डावर एक ओळ लिहायला काय हरकत होती असं अजूनही वाटतं. आणि खरं सांगायचं तर ती महशी तशीही बरी नव्हती, कोबीची एकेक गुंडाळी कणसाएवढी जाड, आत भाताचा गोळा, पानाची चव कुठे लागतच नव्हती.

तांतचा पत्ता मला बिल्डिंगमधल्या एका कॉप्टिक ख्रिश्चन, म्हणजे इजिप्तमधल्या जुन्या ख्रिश्चन पंथाच्या, मैत्रिणीने दिला, आणि तिनेच तो जादूचा शब्द शिकवला. सियामी, म्हणजे उपवासाचं. हा शब्द इजिप्तमध्ये येणाऱ्या प्रत्येक शाकाहारी मराठी माणसाने विमानातच पाठ करावा. कॉप्टिक लोकांचे उपवास वर्षात 200 हून जास्त दिवस असतात. ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास 55 दिवसांचा, आणि ख्रिसमसच्या आधीचा 25 नोव्हेंबरपासून थेट 6 जानेवारीपर्यंत, कारण त्यांचा ख्रिसमस 7 जानेवारीला. या उपवासात मांस नाही, अंडी नाहीत, दूध-लोणी-तूपही नाही, सगळं तेलात आणि पाण्यात. काही उपवासांत मासे चालतात, पण महशीत मासे नसतातच त्यामुळे आपल्याला तो प्रश्न नाही. म्हणजे सियामी महशी म्हटलं की तेल, पाणी, टोमॅटोचा रस, भाजी, तांदूळ, पाला. संपलं. तीन-तीनदा लहमा आहे का विचारण्यापेक्षा हा एक शब्द पुरतो, आणि समोरच्याला लगेच कळतं, कारण त्याच्यासाठी ती एक ठरलेली रीत आहे, कुणा परदेशी बाईचा हट्ट नाही.

तांत स्वतः मुस्लिम, पण त्यांची निम्मी गिऱ्हाईकं शेजारपाजारची कॉप्टिक कुटुंबं, त्यामुळे त्यांच्याकडे सियामीचा हल्ला वेगळाच आहे. हल्ला म्हणजे पातेलं, इथलं जाड अल्युमिनियमचं. त्यात कधी शोरबा जात नाही. हे मला त्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं बघू, पण नंतर एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात दोन तास बसून बघितलं, खरंच वेगळा आहे, कानाला लाल दोरा बांधलेला.

ऑर्डर आदल्या दिवशी दुपारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायची, व्हॉइस मेसेज चालतो, माझी मोडकी अरबी त्यांना समजते. एक किलोच्या खाली घेत नाहीत. भाव किलोवर, आणि भाजीप्रमाणे वेगवेगळा, द्राक्षाची पानं सगळ्यात महाग आणि कोबी त्याच्या खाली. मार्च 2024 मध्ये पाउंड एकदम घसरला तेव्हापासून सगळ्याच गोष्टींचे भाव चढलेत, तांतनेही वाढवले, पण वजनात कधी मारलं नाही, मी घरी काट्यावर ठेवून बघितलंय. मुलगा स्कूटरवर आणून देतो. शिजवलेली हवी की कच्ची गुंडाळून हवी ते सांगायचं. कच्ची घेतली तर सोबत टोमॅटोचा रस्सा बाटलीत देतात आणि किती वेळ कुठल्या आचेवर ते तोंडी सांगतात.

आता एकेक प्रकार.

कोबी. याला इथे कोरोम्ब म्हणतात आणि महशी बनवणारीची परीक्षा यावरच होते हे माझं ठाम मत झालंय. एका तुकड्याला सोबाअ म्हणतात, म्हणजे बोट, आणि तांतचे तुकडे खरोखर बोटासारखे असतात, तेही तिच्या स्वतःच्या करंगळीएवढे. फॉइल उघडलं की आधी जिऱ्याचा वास येतो, कारण पानं उकळताना पाण्यात जिरं घालतात, मग शेपूचा, आणि मग टोमॅटोचा. ओळीने लावलेली ती पिवळसर पारदर्शक बोटं, आतला लाल-हिरवा तांदूळ पानातून दिसतोय, आणि एक उचललं की दुसरं चिकटून येत नाही. तांदूळ पूर्ण शिजलेला पण दाणा मोडलेला नाही. इथला तांदूळ आखूड आणि जरा चिकट असतो, नाईलच्या खोऱ्यातला, डेल्टामध्ये पिकतो, आपल्या इंद्रायणीची आठवण येते. बासमतीने ही महशी होणारच नाही, दाणा सुटा राहून पानातून गळून पडेल. एकदा घरी करून बघितली होती, सगळं पातेल्यात.

वांगं. दोन जातीचं देतात, एक लांब काळं सडपातळ, त्याला अरूस म्हणजे नवरी म्हणतात, आणि एक पांढरं. काळं घ्या. आतून पोखरून साल इतकी पातळ ठेवलेली असते की तोंडात विरघळते, पण वाढताना फाटत नाही. मी भरल्या वांग्यावर वाढलेली आहे, दाण्याचा कूट, गोडा मसाला, चिंच-गूळ, त्या वांग्याशी याची तुलना करणारच नाही, ते वेगळं आणि हे वेगळं. आपण वांग्याला चिरा देऊन मसाला भरतो आणि वांग्याचा गर तसाच राहतो, इथे गर पूर्ण काढून टाकतात आणि वांगं नुसतं एक भांडं होतं. त्यामुळे वांग्याचा गर आवडणाऱ्याला पहिल्यांदा जरा चुकल्यासारखं वाटेल. मला दोन-तीन वेळा खाल्ल्यावर कळलं की सालीलाच किती चव असते.

कोसा चांगला, हलका, आजारी माणसालाही चालेल असा. टोमॅटो दिसायला सुंदर पण येता येता फुटतो. बटाटा मला कधीच आवडला नाही, तांदळात बटाटा, उगाच पोट भरतं.

ढोबळी मिरची हा तांतचा कच्चा दुवा आहे. पातेल्यात असेपर्यंत छान असणार, पण डब्यात वाफ धरून येते आणि घरी पोचेपर्यंत साल सुटून लगदा होतो. मी त्यांना सांगितलंय, त्या म्हणाल्या मिरची वेगळी पाठवते, दोनदा पाठवली, मग परत विसरल्या. मिक्स ट्रे घेतला तर मिरची नको म्हणून आधीच सांगा. आणि मिक्सबद्दल अजून एक महत्त्वाचं, साधी मिक्स महशी मागवली तर त्यात कधी कधी मोंबार येतो. दिसायला तो पण गुंडाळीसारखाच, पण ते आतड्यात तोच मसालेदार तांदूळ भरून तळलेलं असतं. आपल्या लोकांनी अंधारात हात घालू नये. सियामी म्हटलं की हा प्रश्न येत नाही. तसंच महशी या शब्दाला फसू नका, हमाम महशी म्हणजे भरलेलं कबूतर!

नवरा आणि मुलगा साधी घेतात, बदकाच्या शोरब्यात शिजवलेली, आणि सोबत बदक. ते दोघं म्हणतात याला तोड नाही, आणि इथे पण रमजानच्या पहिल्या दिवशी बऱ्याच घरात हाच बेत असतो. मी त्याबद्दल काही लिहू शकत नाही, खाल्लेलं नाही. एवढंच सांगते की त्यांचं आणि माझं वेगळ्या डब्यात येतं आणि डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

ते दोन तास बसले होते त्याबद्दल लिहायलाच हवं. मी सहज म्हटलं होतं की मला शिकायचंय, तर तांत म्हणाल्या गुरुवारी ये, शुक्रवारची तयारी असते. इथे शुक्रवार सुट्टीचा, सगळं कुटुंब एकत्र जेवतं, त्यामुळे शुक्रवारी महशीला मागणी सगळ्यात जास्त. गेले तर टेबलावर एक कोबी होता, आपल्या कोबीच्या तिप्पट, चपटा आणि पसरट, पानं घट्ट नाहीत, सैल. त्याचा मधला दांडा सुरीने कोन करून काढला आणि अख्खा कोबी उकळत्या पाण्यात, जिरं आणि मीठ घालून. जसजशी बाहेरची पानं सैल होतात तसतशी झाऱ्याने सोडवून काढायची, एक मिनिट जास्त झालं की पान फाटतं. मग पानाची जाड शीर कापायची, पानाचे दोन-तीन तळहाताएवढे पट्टे, आणि त्या शिरा टाकायच्या नाहीत, त्या पातेल्याच्या तळाला अंथरायच्या म्हणजे खालची महशी करपत नाही. मग तांत बसल्या, मांडीवर ताट, डाव्या बाजूला पानं, उजव्या बाजूला सारण, आणि सारण किती तर चिमटीत मावेल तेवढं, पानाच्या कडेला एका रेषेत, उदबत्तीपेक्षा थोडं जाड. हाताची एक फिरकी, झाली गुंडाळी, दोन टोकं कापून मोकळी. मी घड्याळ लावून बघितलं, मिनिटाला सात-आठ. मी केलेली पहिली गुंडाळी त्यांनी उलगडली, त्यातलं अर्धं सारण परत भांड्यात टाकलं आणि पुन्हा गुंडाळून माझ्या हातात दिली. काही बोलल्या नाहीत, पण मला कळलं. तांदूळ फुगतो, त्याला जागा सोडायची. वांगं आणि कोसा पण पाऊणच भरायचा.

आणि ती पोखरायची पळी, तिला मअवरा म्हणतात, लांब अर्धगोल पात्याची. वांग्यात घालून गोल फिरवली की अख्खा गर एका ओढीत बाहेर. बाजारात भाजीवाल्या बायका फावल्या वेळात बसून कोसा-वांगी पोखरून पिशव्या भरून विकतात, नोकरी करणाऱ्या बायका त्या घेऊन जातात. मी पण घेते कधी कधी, काही वाईट नाही त्यात.

पातेल्यात ओळी लावताना एक थर आडवा, एक उभा, दाबून. वर गरम टोमॅटोचं पाणी, वरच्या थराला जेमतेम टेकेल एवढंच, जास्त झालं तर भात होतो. एक कढ मोठ्या आचेवर, मग मंद आचेवर पाऊण तास, झाकण उघडायचं नाही. शेवटी परातीवर उलटं करतात, आणि तळाच्या त्या किंचित लागलेल्या शिरा वर येतात, त्यासाठी त्यांच्या नातवंडांची भांडणं. मला पण एक मिळाली. गोड आणि धुरकट, मी ती चव अजून विसरले नाही.

चांगल्या स्वयंपाकाला इथे म्हणतात हिच्या जेवणात नफस आहे. नफस म्हणजे श्वास. आपण म्हणतो हिच्या हाताला चव आहे, तेच. तांतच्या जेवणात नफस आहे, एवढं मी खात्रीने म्हणते.

सासूबाई मागच्या वर्षी मार्चमध्ये आल्या, दोन महिने होत्या. नवऱ्याने फोनवर सांगितलं होतं आई तुला इथे महशी खायला घालतो, त्यांनी ऐकलं म्हशी, आणि दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. आल्यावर उलगडा झाला. कॉप्टिक लोकांचा मोठा उपवास चालू होता त्यामुळे तांतकडे सियामी रोज होत होती, मी दोन किलो मागवली, आणि डबा हातात आल्यावर आई म्हणाल्या अगं आज एकादशी. तांदूळ चालत नाही. माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं, इथे कॅलेंडर भिंतीवर नाही ना. मग सगळी महशी फ्रिजमध्ये गेली आणि आईंनी दुसऱ्या दिवशी द्वादशीला उपास सोडला तो महशीवर. आणि आम्हाला कळलं की शिळी महशी ताजीपेक्षा चांगली लागते! विशेषतः वांगं, रात्रभर टोमॅटोचा आंबटपणा आतपर्यंत मुरतो. नंतर तांतला सांगितलं तर त्या म्हणाल्या आम्ही रात्री फ्रिज उघडून उभ्याउभ्या थंडच खातो. गरम करायची असेल तर मायक्रोवेव्हमध्ये नको, पान चामड्यासारखं होतं. जाड तव्यात दोन चमचे पाणी, वर झाकण, अगदी मंद आच.

मग एप्रिलमध्ये ताजी द्राक्षाची पानं सुरू झाली. वरअ इनब. आईंचं माहेर पण द्राक्षवाल्यांचं. त्यांनी एक तुकडा हातात घेऊन उलगडला, आतला तांदूळ बाजूला सारला, पान ताटात पसरवून बोटाने शिरा बघितल्या आणि म्हणाल्या, "ही तर आपली पानं गं. छाटणीला ट्रॉली-ट्रॉली बांधावर टाकतो आपण." आणि मग पान तसंच गुंडाळून खाल्लं. आमच्या बागेत एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला किती पाला निघतो ते मी लहानपणापासून बघतेय, शेळ्यांनी तोंड लावलं तर लावलं, बाकी सगळं खड्ड्यात. इथे तेच पान किलोवर विकतात, बिनबियांच्या हिरव्या द्राक्षाचं सगळ्यात आवडतं, कोवळं, तळहाताएवढं, खाली लव नसलेलं. पण वाचून लगेच नाशिकच्या बागेत पानं तोडायला जाऊ नका हे कळकळीने सांगते, आपल्या बागांवर फवारण्या किती होतात ते बागायतदारांना माहीत आहे, ती पानं खायची नाहीत. खाण्यासाठी पानं हवी असतील तर त्यासाठी न फवारलेला वेल वेगळा ठेवावा लागेल. माझे वडील आता घरामागे एक लावणार म्हणतायत.

तांतची द्राक्षपानाची महशी आंबट असते, लिंबू भरपूर, तुकडा कोबीपेक्षाही बारीक. माझ्यासाठी सगळ्यात वरचा नंबर हिचा. पानाला स्वतःची एक तुरट-आंबट चव आहे, अंबाडीच्या जवळ जाणारी पण तेवढी तीव्र नाही, आणि त्यात शेपू. सोबत काकडी घातलेलं दही, इथे दह्याला झबादी म्हणतात, आणि तोर्शी म्हणजे मिठाच्या पाण्यातलं लोणचं. दुसरं काही लागत नाही. एक सांगते, पानं ताजी नसतील तेव्हा बरणीतली खारवलेली वापरतात, त्यात मीठ जास्त लागतं. जून-जुलैनंतर मागवताना ताजी आहेत का विचारून घ्या, तांत खरं सांगतात.

एक छोटीशी अडचण होती, सियामीत तूप नसतं आणि आईंना तुपाशिवाय भात घशाखाली उतरत नाही. इथलं गावठी तूप, सम्ना बलदी, फार छान असतं, बरंचसं म्हशीचंच. मी तांतला विचारलं की सियामीच्या पातेल्यातली पाण्यात शिजवलेली महशी द्या पण वरून एक चमचा तूप सोडा. त्या आधी गोंधळल्या, तूप घातलं तर ती सियामी कशी राहील, आणि मांस नको तर शोरबा का नको. मी सगळं समजावून सांगितलं, की आमच्यात दूध-तूप चालतं, मांसाचं पाणी चालत नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं, एकदाही हसल्या नाहीत, आणि तेव्हापासून तूप तव्यावर वेगळं वितळवून डब्यात घातल्यावर वर सोडतात, पातेल्यात नाही, म्हणजे सियामीचं पातेलं कॉप्टिक गिऱ्हाईकांसाठी तसंच राहतं. एवढा विचार पैसे घेऊन काम करणारं कोण करतं.

तक्रारी पण लिहिते. वेळ पाळत नाहीत, दोन म्हणजे साडेतीन धरा, पाहुणे येणार असतील तर दुपारी बाराची वेळ सांगा. रमजानमध्ये आधीच्या आठवड्यात सांगितलं तरच मिळते. मीठ कधी कधी कमी असतं. आणि उन्हाळ्यात कोबी मागवू नका, इथला चांगला कोबी हिवाळ्यातला, उन्हाळ्यातली पानं जाड आणि कडवट, त्या नाही म्हणत नाहीत म्हणून देतात पण चव तशी नसते.

ज्यांच्याजवळ अशी तांत नाही त्यांच्यासाठी, हॉटेलात गेलात तर महशी सियामी आहे का विचारा, नसेल तर बिझ्झेत म्हणजे तेलातली आहे का आणि शोरबा आहे का मय्या म्हणजे पाणी, असं सरळ विचारा. स्टॉक क्यूबचं पण विचारा, कारण पाण्यात शिजवलं तरी चिकनची क्यूब टाकतात आणि ते त्यांच्या लक्षात येत नाही. सीरियन हॉटेलात गेलात तर यालंजी मागा, ती तेलातली, बिनमांसाची, थंड वाढतात, बाकीच्यात खिमा असू शकतो. आणि जेवण झाल्यावर बनवणाऱ्या बाईला तिस्लम इदेकी म्हणा, म्हणजे तुमचे हात सुखरूप राहोत, त्यांना फार बरं वाटतं.

आईंना परत जाताना तांतने स्वतःची जुनी मअवरा दिली, लाकडी मुठीची. नाशिकला आता त्याने दुधी पोखरला जातो. आणि आमच्या डब्याच्या फॉइलवर तांत मार्करने दोन शब्द लिहून पाठवतात, सियामी हिंदी. हिंदी म्हणजे भारतीय. मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावर राहायला आलेल्या गुजराती कुटुंबाने ऑर्डर दिली तेव्हा त्यांच्या डब्यावर पण तेच लिहिलेलं होतं.